दोन दिवस उशिरा आलेली पिल्लं

अंडं हातात आलं की ती ते आधी डोळ्याला लावायची. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळा मिटायचा आणि अंड्याची कूस पापणीवर टेकवायची. मग उबेचा निकाल. "बरोबर", "चढलंय" किंवा "उतरलंय". चौथा शब्द नाही. अंगावरच्या सगळ्या कातडीत पापणीची कातडी पातळ, तिला लबाडी लगेच कळते, असं हे काम शिकवणाऱ्या म्हातारीने तिला सांगितलं होतं. उबवणी केंद्रात सव्वीस वर्षं असं अंडं डोळ्याला लावून लावून तिचं नावच पापणीबाई पडलं. खरं नाव हजेरीपत्रकात होतं, आणि तिथेच पडून होतं.

तशी बाई शांत. पण शांत माणसांचे दोन प्रकार असतात. एक मूग गिळून बसणारी, आणि दुसरी, वेळ आल्याशिवाय तोंड न उघडणारी. ही दुसऱ्या प्रकारातली आहे हे केंद्रात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

वेळ आली ती नव्या मशीनांबरोबर. कपाटाएवढी उंच मशीनं, प्रत्येकाच्या कपाळावर पडदा आणि पडद्यावर आकडे. त्यांच्यासोबत सुपरवायझरही नवा आला. शिकलेला, कडक इस्त्रीचा, चालताना खिशातल्या किल्ल्या वाजवणारा. पहिल्याच दिवशी त्याने तिला डोळ्याला अंडं लावताना पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय बाई, झोपलं का बाळ?" लोक हसले. तीही थोडं हसली. आठवड्याभरात तिची मशीनच्या खोलीतून ट्रे धुण्याच्या हौदावर बदली झाली.

ट्रे धुवायचे, पुसायचे आणि मशीनच्या खोलीत नेऊन रचायचे, एवढंच तिचं काम उरलं. पण हात का ऐकतात? येता-जाता ती मशीनच्या दारावरून तळवा फिरवायची, कधी एखादं अंडं उचलून बघायची. तीन नंबरच्या मशीनमध्ये नवी अंडी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सुपरवायझरला म्हणाली, "तीन नंबर थंड चालतंय."

त्याने मान वर केली ती पडद्याकडे. "साडेसदतीस दाखवतंय."

"दाखवत असेल. पण चालत नाहीये."

"बाई, तुम्ही ट्रे बघा."

चार दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त या वेळी किल्ल्या जरा जोरात वाजल्या. पापणीबाई हौदावर गेली. दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला ती काही त्याची आई नव्हती.

अठराव्या दिवशी सकाळी कामगार आले तेव्हा तीन नंबरचं दार बोटभर उघडं होतं. आतली अंडी गार पडलेली. सुपरवायझरने सगळ्यांना बोलावलं, रजिस्टर उघडलं आणि उभ्या उभ्या लिहून मोठ्याने वाचून दाखवलं, "ट्रे धुणाऱ्या बाईने काल संध्याकाळी दार नीट न लावल्यामुळे संपूर्ण लॉट मेला."

"दार मी लावलं होतं," पापणीबाई म्हणाली. "कडीचा खट् असा आवाज ऐकूनच निघाले."

"मग काय भुताने उघडलं?"

ती सरळ मशीनपाशी गेली, एक अंडं उचललं आणि चष्मा वर करून डोळ्याला लावलं. उतरलेलं होतं, पण मेलेलं नव्हतं. मेलेलं अंडं दगडासारखं गार लागतं. याच्यात खोल कुठेतरी धुगधुगी होती. मग तिने ते तपासणीच्या दिव्यापुढे धरलं आणि धरूनच राहिली. अठरा दिवसांचं पिल्लू अंडं भरून टाकतं. वरची हवेची पोकळी सोडली तर खालच्या टोकापर्यंत सगळा काळोख दिसायला हवा. इथे खालच्या टोकाला अजून चांगला बोटाच्या पेराएवढा उजेड होता. तिने दुसरं अंडं घेतलं, तिसरं घेतलं, सहावं घेतलं. सगळीकडे तेच.

"हे सोळा दिवसांचं पिल्लू आहे," ती म्हणाली.

"टरफलावर तारीख आहे, बाई. आज अठरावा दिवस."

"तारखेला झाले अठरा. पिल्लाला झाले सोळा. तीन नंबर पहिल्या दिवसापासून गार चाललंय. काल रात्रीच्या दाराने हे झालेलं नाही. आणि ही मेलेलीही नाहीत."

चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय हे दोघा-चौघांना कळलं होतं, पण नोकरी प्रत्येकालाच प्यारी असते. सुपरवायझरचे कान लाल झाले. "सगळा लॉट फेकायचा," तो म्हणाला. "आणि बाई, मालकांचा निर्णय होईपर्यंत तुम्ही घरी बसा. एवढाच उमाळा येत असेल तर न्या घरी आणि बसा अंड्यांवर!"

लोक पुन्हा हसले. या वेळी ती हसली नाही.

"बरं," ती म्हणाली. "नेते."

तिने थर्माकोलचा एक खोका घेतला, तळाशी दोन एप्रन अंथरले आणि त्यावर एक ट्रेभर, म्हणजे छत्तीस अंडी मांडली. हौदावरच्या जोडीदारणीने खाली मान घालून गरम पाण्याची एक बाटली तिच्या हातात ठेवली. फाटकावरच्या वॉचमनने खोक्यात डोकावून विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "कचरा. साहेबांनी फेकायला सांगितलाय."

घरी नणंद होती. दोन खोल्यांचं, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर. पापणीबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची बहीण लग्न न करता राहिलेली, ग्रंथालयातून निवृत्त झालेली. भाऊ गेला तरी या दोघी एकमेकींना सोडून कुठे गेल्या नाहीत. भांडायला दुसरं कुणी नव्हतं, असं नणंद म्हणायची. तिला दोन गोष्टींचं वावडं होतं: आवाज आणि पिसं.

"वहिनी, हे घरात येणार नाही," ती दारातच म्हणाली.

"आलंय, वन्सं. तुमचा वाचायचा दिवा द्या."

"माझा दिवा?"

"आणि ताप बघायचा थर्मामीटर."

मग दारातच तिने काय घडलं ते सगळं सांगितलं. रजिस्टरातली ओळ शब्दन् शब्द सांगितली. नणंदेने ऐकून घेतलं. आयुष्यभर रजिस्टरं सांभाळलेली बाई ती. खोटी नोंद म्हणजे तिच्या लेखी खुनाच्या खालोखाल गुन्हा. ती आत गेली आणि दिवा घेऊन आली.

खोक्याच्या एका बाजूला दिव्याचं डोकं आत घेतलं, त्यावर पत्र्याचा आडोसा केला, म्हणजे अंड्यांना थेट झळ लागू नये. कडेला पाण्याची वाटी, हवेत ओल राहायला. झाकणाला सुईने भोकं. दिवा जवळ-लांब करत करत तासाभरात तिने ऊब जमवली. थर्मामीटर एक सांगायचा, पापणी एक सांगायची. दोघांचं एकमत झाल्यावर तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला.

"अठराव्या दिवसानंतर फिरवायची नसतात ना?" नणंदेने विचारलं. एवढ्या वर्षांत कानावर पडून पडून तिलाही बरंच माहीत झालं होतं.

"ही अजून सोळाचीच आहेत. दोन दिवस फिरवायची."

दुसऱ्या दिवशी नणंद कागद-पेन घेऊन बसली. कल्पना तिचीच. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी दे." मग वहिनीने सांगितलं आणि तिने वळणदार अक्षरात मालकांना पत्र लिहिलं: तीन नंबरचं मशीन पहिल्या दिवसापासून थंड चाललं आहे. म्हणून या अंड्यांतून एकविसाव्या दिवशी पिल्लं येणार नाहीत. तेविसाव्या दिवशी येतील. दाराच्या गारठ्याने मेली असतील तर मुळीच येणार नाहीत. आपण तेविसाव्या दिवशी सकाळी येऊन स्वतः बघावं. खाली तारीख आणि पापणीबाईची सही, पूर्ण नावानिशी. नणंद स्वतः जाऊन ते मालकांच्या घरी देऊन आली आणि पोचपावतीही घेऊन आली.

"वहिनी, लिहून तर बसलो," ती परत येऊन चप्पल काढता काढता म्हणाली. "नाही आली तर?"

"तर माझं तोंड काळं. आलीच तर त्याचं."

विसाव्या दिवशी दुपारी वीज गेली. खाली रस्त्यावर खोदकाम चालू होतं, तिथे कुणीतरी तार तोडली. तासभर वाट पाहिली. खोक्यातली ऊब उतरायला लागली. पापणीबाईने गॅसवर पाणी तापवलं, बाटल्या भरल्या, फडक्यांत गुंडाळून खोक्यात कडेकडेने लावल्या. तरी मधल्या अंड्यांपर्यंत ऊब पोचेना.

"वन्सं, शाल घ्या आणि खुर्चीत बसा."

"मी?"

"डझनभर तुम्ही घ्या, डझनभर मी. उरलेल्यांना बाटल्या पुरतील."

पिसांचं वावडं असलेली नणंद शालीत बारा अंडी पोटाशी धरून तीन तास हलली नाही. शिंक आली तर नाक दाबलं. दारावर कुणी वाजवलं तर नुसती "नंतर या" म्हणून ओरडली, आणि ओरडल्याबद्दल अंड्यांकडे अपराध्यासारखं बघितलं. साडेचारच्या सुमाराला तिचे डोळे एकदम मोठे झाले.

"वहिनी! हे लाथ मारतंय!"

"मारू दे. त्यांना जागा अपुरी पडायला लागली."

"नाही गं, खरंच मारतंय. बघ ना." वीज आली तेव्हा ती शाल सोडायलाही तयार नव्हती.

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. छत्तिसातली तीन अंडी तिने आधीच उजेडापुढे धरून, आत हालचाल नाही म्हणून बाजूला काढली होती. उरलेली तेहतीस गप्प होती. बाविसाव्या दिवशी हौदावरची जोडीदारीण जिना चढून आली. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "साहेब विचारत होते, बाईंचं आम्लेट झालं का म्हणून."

"सांग त्यांना, उद्या या. ताट वाढून ठेवते."

जोडीदारीण गेल्यावर मात्र ती खोक्यापाशी जाऊन बसली. तेविसावा दिवस आपण लिहून दिला तो कशाच्या जोरावर? खालच्या टोकाच्या पेरभर उजेडाच्या जोरावर. सव्वीस वर्षांत चुकलो नाही असं थोडंच आहे? तिने झाकण उघडलं नाही. या दिवसांत झाकण उघडलं की आतली ओल जाते आणि पिल्लू पापुद्र्याला चिकटून मरतं. तिने नुसता कान खोक्याला लावला. बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावी तशी, चिव.

ती उठली आणि भांडी घासायला गेली. नणंदेने तिची पाठ बघितली आणि कान लावायला खोक्याकडे धावली.

तेविसाव्या दिवशी सकाळी मालक खरोखरच आले. वय झालेले, गुडघे धरत धरत जिने चढले. मागे सुपरवायझर, किल्ल्या मुठीत धरून. झाकणाच्या एका कोपऱ्यात पापणीबाईने काच बसवली होती, त्यातून दोघांनी वाकून बघितलं. चार पिल्लं बाहेर येऊन ओली-चिंब लोळत होती. सात-आठ अंड्यांना चिरा गेल्या होत्या. एकाची चोच भोकातून दिसत होती. ते ठोसा मारायचं आणि दमून थांबायचं, ठोसा मारायचं आणि थांबायचं.

"हे अडकलंय," सुपरवायझर म्हणाला आणि झाकणाला हात घातला. "जरा टरफल काढून दिलं की..."

पापणीबाईने त्याच्या हातावर चापट मारली. चांगली आवाज होईल अशी. "हात लावायचा नाही! आत रक्त अजून वाहतंय त्या पापुद्र्यात. फाडलं की मेलं. त्याचं ते येईल."

मालक म्हणाले, "बाई, तेविसावा दिवस आज." खिशातून त्यांनी नणंदेचं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं.

"त्यात काय, सर," सुपरवायझर घाईने म्हणाला, "दार उघडं राहिलं, अंडी गारठली, म्हणून उशीर झाला."

"एका रात्रीच्या गारठ्याने पिल्लू काही तास मागे पडतं," ती म्हणाली. "दोन दिवस मागे पडायला रोज थोडं थोडं गार राहावं लागतं. मी हे अठराव्या दिवशी बघितलं आणि एकोणिसाव्या दिवशी लिहून दिलं. आता तुम्ही एक करा, मालक. साधा काचेचा थर्मामीटर घ्या आणि तीन नंबरमध्ये खालच्या ट्रेपाशी ठेवा. पडदा काय म्हणतो आणि काच काय म्हणते, ते बघा. माझ्या पापणीवर विश्वास ठेवू नका."

मालक तासभर बसले. तेवढ्यात ते अडकलेलं पिल्लू टरफलाची टोपी ढकलून बाहेर पडलं आणि पाय वर करून निपचित पडलं. सुपरवायझरला वाटलं गेलं. पण ते दमलं होतं एवढंच. निघताना मालक म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरा. उद्यापासून मशीनच्या खोलीत या. आणि पिल्लं केंद्रात पाठवून द्या."

"ग्रंथालयाने बाद करून फेकलेलं पुस्तक ज्याने उचललं त्याचं," नणंद कोपऱ्यातून म्हणाली. "पिल्लं इथेच राहतील."

"आणि रजिस्टर?" पापणीबाईने विचारलं.

"ती ओळ खोडून टाकतो."

"खोडू नका. खोडलेल्या ओळीत काय होतं ते लोक मनाने लावतात. ती राहू द्या. तिच्याखाली खरं काय ते लिहा. आणि ती जशी सगळ्यांसमोर वाचली, तशी हीसुद्धा वाचा. ज्याने वाचली त्यानेच."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. "अटी घालताय?"

"हो."

मालक जिना उतरले. सुपरवायझर त्यांच्या मागोमाग गेला. दार लावून नणंद म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस, वहिनी. येत होती ती नोकरी घालवलीस."

"घालवली तर घालवली. मान खाली घालून सव्वीस वर्षं काम केलं, ते अंडी खाली असतात म्हणून."

संध्याकाळपर्यंत सत्तावीस पिल्लं आली. सहा आली नाहीत. पिल्लं सुकून फुलली तशी तिने ती दुसऱ्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हलवली. वर्तमानपत्र घसरतं आणि पाय फाकतात, म्हणून तळाशी जुना टॉवेल. पाण्याच्या बशीत स्वच्छ खडे, म्हणजे त्यात पडून बुडायला नकोत. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून प्यायला शिकवायचं. खायला बारीक भरड. दिवा किती उंच टांगायचा हे पिल्लंच सांगायची. एका जागी ढीग करून बसली की थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघड्या टाकल्या की उकडतंय, आणि इकडेतिकडे खात-पीत हिंडली की सगळं ठीक. कोमट पाण्यात कापूस भिजवून कुणाची शेपटीखालची घाण पुसायची. एकाचे पाय दोन दिशांना जात होते. त्याला चिकटपट्टीची बेडी घालून चार दिवसांत सरळ केलं. एक मात्र तिसऱ्या दिवशी हातातच गेलं. नणंदेने त्याची नोंद केली आणि त्या दिवशी जेवली नाही.

केंद्रातून काही निरोप नव्हता. एक आठवडा गेला. पापणीबाई दुसरं काम शोधायला दोन ठिकाणी जाऊन आली. तिथे त्यांनी आधीची नोकरी का सुटली म्हणून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. मग ते "कळवतो" म्हणाले.

अकराव्या दिवशी वॉचमन जिना चढून आला. "मालकांनी उद्या नऊला बोलावलंय. सगळ्यांना थांबायला सांगितलंय."

तिच्या मागे काय घडलं ते त्याच्याकडूनच कळलं. मालकांनी काचेचा थर्मामीटर ठेवला होता. वर हीटरजवळ बसवलेला सेन्सर साडेसदतीस म्हणत होता आणि खालची काच साडेछत्तीस. दाराचं रबर झिजलेलं. ऊब गळत होती, आणि त्याच रबरामुळे कडी बसल्यासारखी वाटून मशीन थरथरलं की सुटत होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सगळे मशीनच्या खोलीत उभे होते. मालक खुर्चीत. सुपरवायझरने रजिस्टर हातात घेतलं. किल्ल्या आज टेबलावर होत्या. त्याने पुटपुटत सुरुवात केली, "तीन नंबर मशीनचा लॉट..."

"मागे ऐकू येत नाही," पापणीबाई म्हणाली.

कुणी हसलं नाही. त्याने घसा खाकरला आणि मोठ्याने वाचलं, "तीन नंबर मशीनचा लॉट सदोष सेन्सर आणि दाराच्या झिजलेल्या रबरामुळे वाया गेला. ट्रे धुणाऱ्या बाईने याची सूचना दोनदा दिली होती. ती दुर्लक्षित करण्यात आली."

"कुणी दुर्लक्षित केली?"

मालकांनी वर बघितलं. सुपरवायझर मग म्हणाला, "मी."

"लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. तिने चष्मा नाकावर घेऊन ते वाचलं, सही केली आणि तीन नंबरचं दार उघडून नव्या लॉटचं अंडं उचललं.

आता ती पुन्हा मशीनच्या खोलीत आहे. प्रत्येक मशीनमध्ये वर, मध्ये आणि खाली काचेचे थर्मामीटर लागले आहेत. ते सुपरवायझरनेच लावले. दोघांचं बोलणं कामापुरतं आहे, त्याहून जास्तीची गरज दोघांनाही वाटत नाही.

सव्वीस पिल्लांना पिसं फुटली तशी ती गच्चीवर जाळीच्या खुराड्यात गेली. नरांना कंठ फुटला, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले. पहाटे झोपमोड होते, म्हणाले. ज्या नणंदेने ग्रंथालयात तीस वर्षं लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, तिने दार अर्धंच उघडलं, त्यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेखी द्या."